वाचणारे डोळे, घडवणारे हात

(सार्वजनिक ग्रंथालयांतील कृतिशील उपक्रम या विषयावर ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकले, तर दिसणारे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. पुढच्या दालनात वृत्तपत्रे चाळणारे ज्येष्ठ नागरिक, आतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड पुस्तकांत मान घालून बसलेले तरुण, देवघेवीच्या खिडकीशी कादंबरी बदलून नेणाऱ्या दोन-तीन गृहिणी, आणि एका कोपऱ्यात बालविभागाचे कुलूपबंद कपाट. आठ ते पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तेथे क्वचितच आढळते. वृत्तपत्रवाचक आणि परीक्षार्थी यांचे ग्रंथालयावरील प्रेम निःसंशय आहे; पण एकाला पुढची पिढी नाही आणि दुसरा परीक्षा संपली की गाव सोडून जातो. दहाव्या वर्षी ज्याने ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडला नाही, तो चाळिसाव्या वर्षी वर्गणी भरून सभासद होईल, अशी आशा बाळगणे कठीण आहे.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातील असा तो पहिला कायदा होय. महाराष्ट्र राज्याचा अधिनियम १९६७ साली झाला. त्या अधिनियमाच्या आधाराने अ, ब, क, ड अशा वर्गांत मिळून आज राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी आहेत. इतकी गावे, इतक्या इमारती, इतके ग्रंथपाल आणि इतक्या कार्यकारिणी! एवढे मोठे जाळे हाताशी असताना मुले त्यापासून दूर का राहिली, आणि ती पुन्हा जवळ कशी येतील, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यावर जगातील अनेक ग्रंथालयांनी शोधलेला एक मार्ग म्हणजे हाताने करून पाहण्याचे, वस्तू घडवण्याचे आणि त्यातून शिकण्याचे उपक्रम ग्रंथालयातच चालवणे.

हे ऐकताच पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ग्रंथालय म्हणजे शांतता. तेथे हातोडीचा आवाज कशासाठी? पुस्तके घ्यायला पैसे नाहीत, मग अवजारे कुठून आणायची? हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला? या शंका खोट्या नाहीत आणि त्यांची उत्तरे द्यायलाच हवीत. शेवटच्या शंकेपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. कारण तिचे उत्तर आपल्याच मुंबईत आहे.

कारागिरांनी उभारलेले ग्रंथालय

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची दगडी वास्तू अनेकांनी पाहिली असेल. ही इमारत १८७० साली पूर्ण झाली. परंतु संस्थेचा जन्म त्याच्याही आधीचा, १८४७ सालचा आहे, आणि तो विद्वानांच्या वा धनिकांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रकारागिरांनी व मुकादमांनी एकत्र येऊन यंत्रांच्या प्रतिकृती आणि वास्तूंचे आराखडे यांचे एक संग्रहालय व त्याला जोडून ग्रंथालय स्थापन केले. ब्रिटनमध्ये १८२०च्या दशकापासून कामगारांसाठी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' नावाच्या संस्था निघत होत्या, त्याच धर्तीवरचा हा प्रयत्न. पुढे ससून घराण्याच्या देणगीमुळे संस्थेला 'ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' हे नाव मिळाले आणि कालांतराने ती 'ग्रंथालय व वाचनालय' म्हणून ओळखली जाऊ लागली.

या घटनेतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. दिवसभर यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला यंत्रामागचे तत्त्व जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्याला पुस्तक हवे होते आणि त्याच पुस्तकाशेजारी हातात धरून उलटसुलट करून पाहता येईल अशी यंत्राची प्रतिकृतीही हवी होती. त्या तरुणांना ग्रंथ आणि वस्तू यांत विरोध वाटला नाही. पुढील पाऊणशे-शंभर वर्षांत मात्र ग्रंथालय हे केवळ वाचकाचे झाले, आणि कारागीर तेथून बाहेर पडला.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने कलाभवन स्थापन केले. उद्योगांचे आणि यंत्रविद्येचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे, हा त्यामागील विचार होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनात शिकले. याच महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण करून संस्थानभर विनामूल्य ग्रंथालयांची चळवळ उभी केली. लाकडी पेट्यांतून खेडोपाडी फिरणारी ग्रंथालये निघाली. चित्रे, स्टिरिओस्कोप आणि जादूचा दिवा यांच्या साह्याने अक्षर न येणाऱ्यांपर्यंतही ज्ञान पोहोचवणारा एक स्वतंत्र विभाग ग्रंथालय खात्यात होता. वाचता येत नाही म्हणून कोणी ज्ञानाला मुकू नये, एवढी व्यापक दृष्टी त्या काळी होती. कलाभवन आणि ग्रंथालय ही एकाच द्रष्ट्या पुरुषाची दोन अपत्ये. परंतु हाताचे शिक्षण एका छपराखाली आणि डोळ्यांचे दुसऱ्या छपराखाली अशी त्यांची वाटणी झाली. आज ज्याला नवा प्रयोग म्हटले जाते, तो या दोन छपरांच्या मधली भिंत पाडण्याचा प्रयत्न आहे.

फर्निचरच्या कारखान्यातील ग्रंथालय

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फेएटव्हिल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय ज्या इमारतीत भरते, ती पूर्वी स्टिकली कंपनीचा फर्निचरचा कारखाना होती. २०११ साली या ग्रंथालयाने आपल्या वास्तूत वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा सुरू करण्याचे ठरवले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत असा कक्ष प्रथम येथेच निघाला, असे मानले जाते. ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी असलेल्या लॉरेन स्मेडली यांनी ही कल्पना मांडली आणि ग्रंथालयाने त्यांनाच ती प्रत्यक्षात आणण्याची संधी दिली. संगणकावर रेखाटलेली आकृती प्लास्टिकच्या थरांतून प्रत्यक्ष वस्तूच्या रूपात उभी करणारे त्रिमिती मुद्रणयंत्र हे आरंभीचे आकर्षण होते. त्याच्या जोडीला शिवणयंत्रे आणि साधी अवजारेही आली.

त्याआधी २००९ साली शिकागो शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किशोरवयीन मुलांसाठी ध्वनिमुद्रण, छायाचित्रण आणि संगणकीय निर्मिती यांचे दालन उघडले गेले होते. त्या शहराने २०१३ मध्ये प्रौढांसह सर्वांसाठी वस्तुनिर्मितीचा कक्षही सुरू केला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे संसद भवनासमोर ५ डिसेंबर २०१८ रोजी 'ओडी' हे मध्यवर्ती ग्रंथालय खुले झाले. त्या देशाने स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त नागरिकांना दिलेली ती भेट होती. या इमारतीचा सर्वांत वरचा मजला पुस्तकांचा आहे, तर मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमिती मुद्रणयंत्रे, लेझरने कापणारी यंत्रे आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. शाळकरी मुलगा, निवृत्त आजोबा, नव्याने त्या देशात आलेली गृहिणी, सारे तेथे शेजारीशेजारी बसतात. जगातील ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१९ साली वर्षातील सर्वोत्तम सार्वजनिक ग्रंथालय म्हणून 'ओडी'ला गौरवले.

ही उदाहरणे ऐकून मन दडपून जाण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातील बर्कले गावच्या ग्रंथालयाने १९७९ सालीच पुस्तकांप्रमाणे अवजारे घरी नेण्याची सोय सुरू केली. करवत, शिडी, पाना, छिद्रयंत्र ही साधने सभासदाने न्यायची, घरचे काम उरकायचे आणि मुदतीत परत आणून द्यायची. देवघेवीची पद्धत तीच. फक्त कपाटातली वस्तू बदलली. यासाठी लेझर लागला नाही की संगणक लागला नाही. वर्षातून दोनदाच लागणारे अवजार प्रत्येकाने विकत घ्यावे की गावाने मिळून एक ठेवावे, हा प्रश्न आपल्या खेड्यांना अपरिचित नाही. लग्नकार्याची भांडी, सतरंज्या, जाजमे देवळात किंवा मंडळात ठेवून पाळीपाळीने वापरण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहेच.

पाबळहून निघालेला धागा

'फॅब लॅब' हा शब्द आज जगभर रूढ झाला आहे. तो अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या केंद्रातून आला. संगणकाने चालणारी थोडी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती दिली, तर तो आपल्या गरजेची वस्तू आपणच घडवू शकेल, ही त्यामागची कल्पना. ती विद्यापीठाच्या भिंतीबाहेर नेण्याचे ठरले, तेव्हा अगदी प्रारंभीच्या केंद्रांपैकी एक २००२ साली उभे राहिले, ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे.

पाबळच का, याचे उत्तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या कार्यात आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या आणि उद्योगातील संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केलेल्या या शास्त्रज्ञाने नोकरी सोडून १९८३ साली त्या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शाळेतून गळालेली मुले बुद्धीने कमी नसतात, त्यांना शिकवण्याची पद्धत चुकते, असे त्यांचे ठाम मत होते. लोखंडकाम, सुतारकाम, बांधकाम, विजेची कामे, शेती व पशुपालन, अन्नप्रक्रिया आणि आरोग्य अशी खरीखुरी, गावाला उपयोगी पडणारी कामे मुलांनी करावीत आणि त्या कामांतून गणित व विज्ञान शिकावे, अशी त्यांची रचना होती. या रचनेला १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमची पार्श्वभूमी होतीच. डॉ. कलबाग २००३ साली गेले. त्यांचा आश्रम आजही कार्यरत आहे. म्हणजे ज्या चळवळीला परदेशी खूळ म्हणून नाक मुरडले जाते, तिचा एक धागा महाराष्ट्राच्या माळरानातूनच निघालेला आहे.

अरविंद गुप्ता यांचे कामही याच वाटेवरचे. कानपूरच्या आयआयटीमधून अभियंता झालेल्या गुप्ता यांनी सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात भाग घेतला. तेथे त्यांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या करण्याची युक्ती सुचली. नळीचे लहान तुकडे हे सांधे आणि काड्या या भुजा. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो; पुलाच्या आणि छपराच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे मुलाच्या बोटांना तत्क्षणी कळते. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २००३ पासून दशकभर काम केले. टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची खेळणी आणि त्यांची पुस्तके मराठीसह अनेक भाषांत सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. ग्रंथपालाला याहून चांगली शिदोरी कोणती हवी?

२०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून शाळाशाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' निघाल्या. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली असून पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार काढण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे. ही सारी पावले स्वागतार्ह आहेत. पण शाळेची प्रयोगशाळा शाळेबरोबर उघडते आणि शाळेबरोबर बंद होते. तिच्यात त्या शाळेचाच विद्यार्थी जाऊ शकतो. शाळा सोडलेल्या मुलाला, दुसऱ्या शाळेतील मुलीला, शिवण शिकू इच्छिणाऱ्या तिच्या आईला किंवा हाताला काम शोधणाऱ्या निवृत्त कारागिराला तेथे प्रवेश नाही. वय, इयत्ता, गुण आणि जात न विचारता सर्वांना उघडे असलेले ज्ञानाचे दार गावात एकच असते, ते सार्वजनिक ग्रंथालयाचे. म्हणून हा उपक्रम तेथे शोभतो.

बाइंडरचा शिकाऊ मुलगा

आता मूळ आक्षेपाकडे वळू. वस्तू घडवण्याचा वाचनाशी संबंध काय? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर मायकेल फॅरडे यांच्या चरित्रात सापडते. लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनमधील एका पुस्तकविक्रेत्या बाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि तेथे त्याने सात वर्षे काढली. पुस्तके शिवता शिवता तो ती वाचू लागला. बांधणीला आलेल्या विश्वकोशातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील सोपे पुस्तक यांनी त्याला झपाटले. वाचलेले खरे की खोटे, हे तुटपुंज्या पैशांत साहित्य आणून तो करून पाहत असे. सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवली. त्यातून त्याला प्रयोगशाळेत जागा मिळाली. विजेच्या प्रवाहाने सतत फिरणारी तार त्याने १८२१ साली दाखवली. आजच्या प्रत्येक विद्युत मोटरचे मूळ तेथे आहे. वाचणे आणि करून पाहणे ही या माणसाच्या बाबतीत दोन कामे नव्हती.

म्हणूनच ज्या ग्रंथालयाला असा उपक्रम सुरू करायचा आहे, त्याने पहिला उपक्रम पुस्तकबांधणीचा घ्यावा. प्रत्येक ग्रंथालयात पाठ उसवलेल्या, फर्मे सुटलेल्या पुस्तकांचा ढीग असतोच. दाभण, जाड दोरा, खळ, पुठ्ठा, जुन्या कापडाच्या पट्ट्या आणि एखादा जाणकार बाइंडर एवढ्यावर काम भागते. फर्मे नीट लावून शिवताना मुलाला पुस्तकाची रचना कळते. सोळा पानांचा फर्मा एका कागदाच्या घड्यांतून कसा निघतो, हे तो स्वतः कागद दुमडून पाहतो. ज्या पुस्तकाला त्याने पाठ बसवली, ते त्याने वाचावे म्हणून आग्रह करावा लागत नाही. आणि ग्रंथालयाची दोन-चार डझन पुस्तके पुन्हा देवघेवीत येतात, हा लाभ वेगळाच.

दुसरा उपक्रम फॅरडेच्याच वाटेने जावा. एक बॅटरी, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि लेप दिलेली तांब्याची तार यांतून छोटी मोटर तयार होते. तारेचे वेटोळे करून तिची दोन्ही टोके पिनांच्या छिद्रांत अडकवायची आणि प्रवाह जोडण्यासाठी टोकांवरचा लेप खरवडायचा. बहुतेक मुले उत्साहाने सगळा लेप खरवडून टाकतात. वेटोळे फिरत नाही, नुसते मागेपुढे डुलत राहते. येथेच मार्गदर्शकाची कसोटी लागते. उत्तर सांगून टाकण्याचा मोह त्याने आवरावा आणि विजेवरचे पुस्तक टेबलावर उघडून ठेवावे. मुले वाचतात, चर्चा करतात, पुन्हा करून पाहतात. अर्धा फेरा झाल्यावर चुंबकाचा जोर उलट दिशेने लागतो, म्हणून त्या अर्ध्यात प्रवाह तुटला पाहिजे. यासाठी एका टोकावरचा लेप अर्ध्या बाजूनेच खरवडायचा, हे त्यांना उमगते. वेटोळे गरगर फिरू लागते तेव्हा त्या खोलीत होणारा आवाज ग्रंथालयाच्या शांततेचा भंग आहे, असे कोण म्हणेल? हाताला अडचण येते, अडचणीतून प्रश्न निपजतो आणि प्रश्न मुलाला कपाटापाशी नेतो. हा क्रम साधला तर उपक्रम ग्रंथालयाचा झाला. तो साधला नाही तर ती नुसती करमणूक झाली.

किल्ल्याची मोजणी

महाराष्ट्रातील मुलांना वस्तू घडवण्याचे वेगळे धडे द्यावे लागत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत माती, दगड आणि पोत्याचे तुकडे घेऊन किल्ला करणारी मुले घरोघरी आहेत. राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांसह बारा किल्ल्यांना २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा प्रत्येक मराठी मनाला आनंद झाला. या आनंदाला अभ्यासाची जोड देण्याचे काम ग्रंथालय करू शकते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा साधारणतः दर वीस मीटरला काढलेल्या असतात. नकाशाचा हवा तेवढा भाग दसपट मोठा केला की प्रमाण १:५,००० होते. या प्रमाणात वीस मीटरची उंची चार मिलिमीटर भरते, आणि किराणा मालाच्या साध्या खोक्याचा पुठ्ठा जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो. म्हणजे एक रेषा, एक पुठ्ठा! प्रत्येक रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापून एकावर एक चिकटवला की डोंगर आपोआप उभा राहतो. पायथ्यापासून सहाशे मीटर उंच गडाला तीस थर लागतात आणि बारा सेंटिमीटर उंचीची खरी प्रतिकृती तयार होते. राजगडाच्या तीन माच्या तीन दिशांना का गेल्या आहेत, बालेकिल्ल्याचा चढ एवढा अवघड का, तट कुठे लागला आणि कुठे नैसर्गिक कड्यानेच तटाचे काम केले, हे मुलाला बोटाने कळते. भूमिती, भूगोल आणि इतिहास एकाच पुठ्ठ्यावर एकत्र येतात. अभिमानाला मोजमापाची बैठक मिळाली म्हणजे तो टिकाऊ होतो. शेजारी गडांवरची पुस्तके मांडून ठेवली, तर ती त्या आठवड्यात कपाटात परत जात नाहीत.

यंत्र नव्हे, माणूस

असे उपक्रम फसतात कुठे, तेही पाहिले पाहिजे. ब्राझीलमध्ये जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ पाउलो ब्लिकस्टाइन यांनी आपल्या अनुभवातून एक धोका नोंदवला आहे. लेझर यंत्रावर किल्ल्यांच्या साखळीला लावायची चकती झटपट व सुबक होते, हे मुलांच्या ध्यानी आले आणि ती चकत्यांवर चकत्याच करू लागली. वस्तू देखणी, कष्ट थोडे, कौतुक भरपूर. मग अवघड कामाकडे वळायचे कशाला? त्यांनी याला चकतीचा विकार म्हणावे असेच नाव दिले आहे. यंत्र जितके चमकदार, तितका हा मोह मोठा. आपल्याकडेही अनुदानातून महागडे यंत्र आणायचे, उद्घाटनाचे छायाचित्र काढायचे आणि वर्षभरात त्यावर आच्छादन घालून ठेवायचे, असे घडू शकते. त्यामुळे खरेदी शेवटी आणि माणूस आधी, हा क्रम प्रत्येक कार्यकारिणीने मनाशी बांधून घ्यावा.

तो माणूस गावातच असतो. लेथवर तीस वर्षे काम करून निवृत्त झालेला कामगार, शिवणकाम करणाऱ्या काकू, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा तरुण, सुतार, कुंभार, मोडी वाचणारे गुरुजी, आकाशातील नक्षत्रे ओळखणारा हौशी निरीक्षक, हे सारे त्या गावाचे चालतेबोलते ग्रंथ आहेत. त्यांची विषयवार नोंद ठेवणे हेही ग्रंथपालाचेच काम मानले पाहिजे. नेदरलँड्समध्ये २००९ साली सुरू झालेल्या दुरुस्ती मेळ्यांची पद्धत आज अनेक देशांतील ग्रंथालयांनी उचलली आहे. बंद पडलेला मिक्सर वा पंखा घेऊन लोक येतात आणि जाणकाराच्या शेजारी बसून स्वतः दुरुस्त करायला शिकतात. 'टाकून दे, नवा आणू' या वृत्तीच्या काळात दुरुस्त करता येणे हा मोठा संस्कार आहे. आणखी एक गोष्ट घडते. ज्या कारागिराने आयुष्यभर ग्रंथालयात पाऊल टाकले नाही, तो तेथे गुरू म्हणून येतो. श्रमप्रतिष्ठेवर भाषणे पुष्कळ होतात. सुतारकाकांच्या भोवती वकिलाचा आणि मजुराचा मुलगा एकत्र बसून रंधा धरायला शिकतात, तेव्हा ती प्रत्यक्षात दिसते.

व्यवहाराच्या काही बाबी साध्या आहेत. आठवड्यातील एक ठरलेला दिवस आणि दोन तास. दिवस कधी चुकू नये. वाचनकक्षापासून दूरची खोली, ओटा किंवा मागचे अंगण. एका मार्गदर्शकामागे दहा-बारापेक्षा अधिक मुले नसावीत. धारदार आणि तापणारी साधने मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावीत. घरच्या विजेच्या जोडण्यांवर मुलांना कधीच हात घालू देऊ नये. प्रत्येक साधनाला पुस्तकाप्रमाणे दाखल क्रमांक आणि ठरलेली जागा असावी. परीक्षा, गुण, स्पर्धा आणि बक्षिसे यांना तेथे थारा नसावा; चुकण्याची मुभा असलेली एवढी एक जागा तरी मुलांना लाभू द्यावी. आणि प्रत्येक उपक्रमाच्या टेबलावर त्या विषयाची तीन-चार पुस्तके असलीच पाहिजेत.

पैशाचा प्रश्न खरा आहे. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या ग्रंथपालावर आणखी एक ओझे टाकून चालणार नाही. पुस्तकखरेदीच्या रकमेला हात लावून साधने आणणे तर सर्वथा गैर ठरेल. पण वर सांगितलेल्या उपक्रमांचे साहित्य बहुतांशी घराच्या माळ्यावर आणि दुकानाच्या रद्दीत आहे. उणीव आहे ती आठवड्याचे दोन तास नेमाने देणाऱ्या माणसांची. समाजकार्याची सवय असलेल्या कुटुंबांनी ही उणीव भरून काढायला हवी. घरटी एक व्यक्ती महिन्यातून एक शनिवार देऊ शकली, तर कोणत्याही गावचे ग्रंथालय हा उपक्रम चालवू शकेल.

ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून उपयोगासाठी असते, येथपासून ती सुरू होतात आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी सजीव संस्था आहे, येथे येऊन थांबतात. सजीवाचे लक्षण असे की, तो परिस्थितीनुसार नवे अवयव धारण करतो, पण आपला प्राण सोडत नाही. ग्रंथालयाचा प्राण ग्रंथ हाच आहे आणि राहील. मात्र त्या ग्रंथापर्यंत येण्याची वाट आजच्या मुलाला डोळ्यांआधी हातांनी सापडत असेल, तर ती वाट मोकळी करून देणे हे आपले कर्तव्य ठरते. १८४७ साली मुंबईतील टांकसाळीच्या आणि गोदीच्या कारागिरांनी दिवसभराच्या श्रमानंतर ते केले. आज आपल्या गावात बालविभागाच्या कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी येत्या शनिवारी ते उघडावे, उसवलेली दहा पुस्तके, दाभण आणि दोरा टेबलावर मांडावा आणि शेजारच्या चार मुलांना हाक मारावी. एवढ्याने प्रारंभ होईल.